रेडिएटर घरी बदलाल. जुन्या कूलंटचे काय?

पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा घाट लागतो. कसारा किंवा खंडाळा चढलेल्या गाडीने त्याला घाट म्हणूही नये, इतका तो लहान. तरीही मे महिन्यातली दुपार, एसी पुरता सुरू, गाडीत पाच माणसे आणि पुढे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारा ट्रेलर असा योग जुळला, की एखाद्या गाडीचा काटा लाल रेषेकडे सरकतोच. बोनेट उघडते, वाफ निघते, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होतात. ही गाडी सहसा त्या दिवशी बिघडलेली नसते. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातली गळती दोन-तीन महिन्यांपासून थेंबाथेंबाने सुरू असते, मालकाला ती ठाऊक असते, आणि दर रविवारी बाटलीभर पाणी ओतून त्याने ती निभावून नेलेली असते.

गंमत अशी, की हा मालक बोईसर-तारापूरचा असेल तर नको असलेली उष्णता काढून घेण्याच्या कामातच त्याचा किंवा त्याच्या शेजाऱ्याचा दिवस जातो. तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांनी २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली. पुढे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच आले. टर्बाइन फिरवून झालेली वाफ तिथे कंडेन्सरमध्ये उतरते. कंडेन्सरच्या नळ्यांतून अरबी समुद्राचे पाणी वाहते. वाफ नळ्यांच्या बाहेर, समुद्र नळ्यांच्या आत. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, उष्णता तेवढी धातूची भिंत ओलांडते. अणुभट्टीत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण दोन-तृतीयांश अशीच समुद्राला मिळते. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रातही कंडेन्सर आहेच. एमआयडीसीत रसायनांच्या रिअ‍ॅक्टरभोवती जॅकेट, छतावर कूलिंग टॉवर, खाली चिलर. ‘ट्यूब लीक’ आणि ‘शटडाउन’ हे शब्द या पट्ट्यातल्या घरांत जेवतानाही कानावर पडतात. मोटारीचा रेडिएटर हे त्याच जातीचे यंत्र, फक्त दोन हातांत उचलता येईल एवढे.

अशा गावात गळका रेडिएटर घरच्या अंगणात बदलणे ही सर्वसाधारण गोष्ट असायला हवी. आणि त्याच अंगणात, त्याच दुपारी, गाडीतून निघालेले चार-पाच लिटर जुने कूलंट कुठे जाते याची चाडही असायला हवी. पहिली गोष्ट मनावर घेतली तर जमते. दुसरीसाठी माणसाने मनावर घेऊनही उपयोग नाही, कारण ते कूलंट नेऊन द्यायला जागाच ठेवलेली नाही.

घरच्या दुरुस्तीचे समर्थन बहुधा पैशाच्या बचतीवर उभे केले जाते. अमेरिका-युरोपात ते पटते. तिथे कारागिराच्या तासाचा दर सुट्या भागापेक्षा जड पडतो. पालघर-बोईसरचा हिशेब उलटा आहे. छोट्या गाडीच्या रेडिएटरला काही हजार रुपये मोजावे लागतात आणि तो बसवण्याची मजुरी त्या मानाने किरकोळ असते. तेवढ्यासाठी रविवार घालवायचा, बोटांची सालटी काढून घ्यायची, वर सोसायटीच्या सेक्रेटरीची बोलणी खायची, हा धंदा तोट्याचा आहे असे कोणी म्हणाले तर आकडे त्याच्याच बाजूने आहेत.

लाभ वेगळ्या जागी आहे. रेडिएटर स्वतः काढून बसवणाऱ्याला आपल्या गाडीत काय भरले आहे हे पक्के ठाऊक असते. गॅरेजमध्ये नवा कोरा रेडिएटर बसावा आणि आत नळाचे पाणी भरले जावे, हे इथे रोजचे आहे. ‘साहेब, कूलंट कशाला? आपल्याकडे काय बर्फ पडतो?’ असे विचारणारा मिस्त्री फसवत नसतो, त्याला खरोखरच तसे वाटत असते. ‘वॉल्व्ह काढून टाकलाय, आता गाडी हीट नाय मारणार,’ असे सांगणाराही प्रामाणिकच. वॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. बहुतेक गाड्यांत तो ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि इंजिनाला त्याच्या सोयीच्या तापमानावर ठेवतो. तो काढून टाकला की इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, इंधन जास्त खाते, झीजही वाढते. गळणारा रेडिएटर मात्र जिथे होता तिथेच गळत राहतो. ज्याने एकदा हे सगळे उलगडून पाहिले आहे, तो गॅरेजमध्ये उभा राहून योग्य प्रश्न विचारू शकतो. पुढच्या वेळी काम मिस्त्रीकडेच दिले तरी हरकत नाही.

मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल ही धास्ती खरी धरायची, तर तो पाय केव्हाच आला आहे आणि तो गाडीमालकांनी आणलेला नाही. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा तसाच होता. गळला की रेडिएटरवाल्याकडे न्यायचा. तो टाकी उघडी करायचा, आतल्या नळ्यांतून सळ्या फिरवून गाळ काढायचा, भोकाला डाख द्यायचा, पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरायचा आणि कुठून बुडबुडे येतात ते पाहायचा. एकच रेडिएटर चार-पाच वेळा असा जिवंत व्हायचा. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तिच्या कितीतरी आधी तांब्याचा रेडिएटर गेला होता. आता गाभा अ‍ॅल्युमिनियमचा आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या. धातूच्या दात्यांनी प्लास्टिकची कड पकडलेली, मध्ये रबराची पट्टी. वजन कमी, किंमत कमी, आणि दुरुस्ती जवळजवळ नाही. प्लास्टिक वर्षानुवर्षे तापून कडक होते, एक दिवस कडेला बारीक तडा जातो. तिथे डाख चालत नाही. बदलणे एवढाच मार्ग उरला, आणि बदलणे हे डाख देण्यापेक्षा कितीतरी सोपे काम आहे. कौशल्य कारखान्यात गेले, माणसाच्या हातात पाना तेवढा राहिला. मग तो पाना गाडीमालकाने का धरू नये?

डाख गेला तरी त्याची सावत्र भावंडे टिकून आहेत. तड्यावर एम-सील थापणे, रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकणे, दुकानातली ‘स्टॉप लीक’ची बाटली ओतणे. महामार्गावर रात्री दोन वाजता अडकलेल्या ट्रकचालकाने हळद टाकली तर त्याला नावे ठेवू नयेत. त्याला चारोटीपर्यंत पोचायचे असते. घरी उभ्या गाडीत मात्र हे करण्याला माफी नाही. हळद भोक बुजवते तशी रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजवते, आणि मग गळती थांबूनही गाडी तापते.

आधी गळती रेडिएटरचीच आहे का, हे ठरवायचे. इथल्या दमट हवेत एसी लावलेल्या गाडीखाली पाण्याचे थारोळे साचतेच; ते स्वच्छ, वास नसलेले पाणी असते आणि त्याला घाबरून कित्येक जण गॅरेज गाठतात. कूलंट रंगीत असते, बोटाला बुळबुळीत लागते, वास गोडसर येतो. चाखून बघायचे नाही. का, ते पुढे येईलच. टाकीच्या कडेला वाळलेला हिरवट-पांढरा थर दिसला तर रेडिएटर दोषी. पाण्याच्या पंपाखालून थेंब येत असेल तर पंप. पायाखालची चटई ओली आणि काचेवर आतून चिकट धुके असेल तर डॅशबोर्डमागचा हीटर. कुठेच गळती नाही, तरी टाकीतली पातळी उतरते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, तेव्हा हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ते काम घरचे नाही. कधी कधी चूक फक्त झाकणाची असते. शंभर-दोनशे रुपयांच्या झाकणाचा स्प्रिंग सैल पडलेला असतो आणि आख्खा रेडिएटर बदलला जातो.

झाकण ही या यंत्रातली सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात धोक्याची वस्तू. साधे पाणी १०० अंशांना उकळते. झाकणाने व्यवस्था बंद करून आत साधारण एका वातावरणाएवढा जादा दाब धरला, की तेच पाणी १२० अंशांपर्यंत द्रव राहते. त्यात निम्मे कूलंटमधले ग्लायकॉल असेल तर १३० च्या जवळ जाता येते. तापलेल्या गाडीचे झाकण उघडणारा माणूस हा दाब एका क्षणात सोडतो आणि उकळते पाणी त्याच्या तोंडावर, हातांवर येते. इंजिन बंद करून किमान दोन तास, शक्यतो रात्रभर, गाडी थंड होऊ द्यावी. हा नियम मोडण्याइतकी घाई कोणत्याही रविवारी नसते.

पुढचे काम संयमाचे. बॅटरीची ऋण तार सोडायची, म्हणजे विजेवरचा पंखा अचानक फिरणार नाही. खाली रुंद घमेले ठेवून ड्रेन प्लग हळूच ढिला करायचा. प्लास्टिकचा असतो, जोर लावला की तुटतो. वरचा आणि खालचा होस काढायचा. वर्षानुवर्षे चिकटलेला होस पकडीने ओढण्यापेक्षा पिळून सोडवावा, आणि तो फुगलेला किंवा भेगाळलेला असेल तर त्याच दिवशी नवा घालावा. पंख्याची वायर सोडून पंखा त्याच्या चौकटीसकट वर उचलायचा. दहा आणि बारा नंबरचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड. छोट्या गाड्यांत एवढ्यावर काम भागते. वरचे ब्रॅकेट सुटले की रेडिएटर खालच्या दोन रबरी बुशांवरून सरळ वर येतो. ही बुशे जुन्या रेडिएटरला चिकटून भंगारात जातात आणि मग नवा रेडिएटर हादरे खात बसतो, म्हणून ती आधी काढून खिशात टाकावीत. जुना आणि नवा रेडिएटर शेजारी ठेवून तोंडांची जागा, जाडी, पंख्याची भोके ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुकानदाराने ‘हाच बसतो’ म्हणून दिलेला रेडिएटर मागच्या मॉडेलचा निघतो, आणि तेव्हा गाडी अंगणात पोट उघडून पडलेली असते.

कुठे थांबायचे हेही सांगायला हवे. रेडिएटरच्या पुढ्यात एसीचा कंडेन्सर असतो. तो नुसता बाजूला सरकवता येत असेल तर ठीक. त्याच्या नळ्या सोडाव्या लागणार असतील तर गॅस दाबाखाली असतो, तिथे हात घालू नये. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचे तेलही कधी याच रेडिएटरमधून थंड होते. टर्बो डिझेलच्या नव्या गाड्यांत इंटरकूलर, कंडेन्सर, रेडिएटर एकापुढे एक असे दाटीने बसवलेले असतात की बंपर उतरवल्याशिवाय काही हलत नाही. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांत तर बॅटरीचीही शीतकव्यवस्था येते. ही कामे घरची नव्हेत. वॅगन आर, ईको, जुनी अल्टो, इंडिका यांच्या मालकांनी मात्र बिचकू नये. आणि काहीही झाले तरी नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नये.

भरण्याच्या वेळी पाणी कुठले, हा प्रश्न किनारपट्टीला इतरांपेक्षा जास्त लागू आहे. चिंचणी, दांडी, नवापूर या बाजूला समुद्र जवळ. बोअरला अनेक ठिकाणी मचूळ पाणी लागते. त्यातले क्षार अ‍ॅल्युमिनियमला आतून टोचे पाडतात आणि नळ्यांत पांढरे कीट धरतात. हवेतला खार बाहेरून पापुद्रे खातो ते वेगळेच. अशा गाडीत विहिरीचे पाणी ओतणे म्हणजे नव्या गळतीची तारीख ठरवणे. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी पेट्रोलपंपावर मिळते. कूलंट दोन प्रकारांत येते: पाणी मिसळायचे घट्ट आणि थेट ओतायचे तयार. तयार कूलंटमध्ये पुन्हा निम्मे पाणी घालणारे काटकसरी लोक कमी नाहीत. हिरवा, लाल, निळा हे नुसते रंग आहेत, प्रकार त्यावरून ठरत नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिले असेल ते घ्यावे आणि दोन जाती एकत्र करू नयेत. भरताना झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करायचे, गाडीचा हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, बुडबुडे येणे थांबेपर्यंत आणि पंखा एकदा आपणहून सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबायचे. आत हवेचा फुगा राहिला तर नवा रेडिएटर असूनही गाडी तापते, आणि दोष रेडिएटरला मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पातळी पुन्हा पाहायची.

मोटारीच्या जन्मापासून पाणी हाच तिचा ध्यास होता. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. शंभरेक किलोमीटरचा तो प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. गाडीला रेडिएटर नव्हता. पाणी उकळून उडून जायचे आणि वाटेत जिथे मिळेल तिथे पुन्हा भरावे लागायचे. तुंबलेली इंधननळी त्यांनी हॅटच्या पिनेने साफ केली. मेकॅनिक हा व्यवसाय तेव्हा अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे तो पहिला लांबचा प्रवास घरच्या दुरुस्तीवरच पार पडला. विल्हेल्म मायबाखने १९०० साली मर्सिडीजसाठी ८ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्यांचा रेडिएटर केला तेव्हा कुठे ९ लिटर पाण्यात काम भागू लागले. आजच्या छोट्या गाडीला त्याच्या निम्मेच लागते.

कायद्याचा कलही गाडीमालकाच्या बाजूने झुकू लागला आहे, सावकाश. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती या कंपन्या खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, हा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. नळी कुठून जाते, क्लिप कशी सुटते हे सांगणारी कंपनीची वर्कशॉप पुस्तिका मात्र सामान्य मालकाच्या हाती अजून सहजी पडत नाही.

आता ते घमेले. त्यात चार-पाच लिटर हिरवे, जरा गढूळ पाणी जमलेले असते आणि घरामागे गटार असते. नव्वद टक्के मंडळी काय करतील हे सांगायला पाहणीची गरज नाही.

कूलंटमधला मुख्य पदार्थ एथिलीन ग्लायकॉल. चवीला गोड, म्हणून कुत्री-मांजरे ते चाटतात. चमचाभर पोटात गेले तरी मांजर मरू शकते. माणसात आधी दारू चढल्यासारखी लक्षणे दिसतात; मग शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते, त्याचे स्फटिक मूत्रपिंडांत साचतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कूलंटमध्ये मुद्दाम कडू द्रव्य घालण्याची सक्ती आहे ती यासाठीच. महाराष्ट्राला ग्लायकॉलचे कुळ अनोळखी नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले निघाले आणि १४ रुग्ण दगावले; त्याच्या चौकशीतून न्यायमूर्ती लेंटिन आयोगाचा अहवाल आला. ते ग्लायकॉल एथिलीन ग्लायकॉलचे सख्खे भावंड. गाडीत वर्षानुवर्षे फिरलेल्या कूलंटमध्ये वर धातूंचे अंशही उतरलेले असतात.

तारापूरमध्ये या पाण्याला आणखी एक बाजू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूर ९३.६९ गुणांनी पहिले आले. असा पहिला क्रमांक कोणी मिरवत नाही. वसाहतीचे सांडपाणी नवापूरला समुद्रात सोडले जाते. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर नुकसानभरपाई बसवली. मासळी गेली म्हणून भांडणाऱ्या या लोकांच्या बाजूने बोईसरची मंडळी मनापासून बोलतात. त्यातलीच काही मंडळी रविवारी घमेले गटारात ओततात.

दोन्हींची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. वसाहतीच्या सामायिक प्रक्रिया केंद्राचा हिशेब दिवसाला कोट्यवधी लिटरमध्ये चालतो. त्यापुढे पाच लिटर म्हणजे काहीच नाही, आणि ग्लायकॉल मातीत काही आठवड्यांत विघटितही होते. कारखानदारांना ‘लोकही तेच करतात’ असे म्हणायची सोय कोणी करून देऊ नये. घमेल्याचा धोका जवळचा आहे: उघडे गटार, त्यात तोंड घालणारी म्हैस, शेजारची विहीर, अंगणातले मूल. भुयारी गटारे नसलेल्या वस्तीत ते संडासात ओतले तर सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि पाणी शेवटी जमिनीतच उतरते.

मग न्यावे कुठे? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत याचे उत्तर होते. घरगुती घातक कचरा स्वीकारण्यासाठी स्थानिक संस्थेने दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र उभारावे, त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. नियम नगरपरिषदांना लागू होते, तसे जनगणना शहरांनाही. पालघरला नगरपरिषद आहे. बोईसरचा कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीकडे असला तरी २०११ च्या जनगणनेत ३६ हजार वस्तीचे ते जनगणना शहरच आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, कोळगावला देखणे मुख्यालय उभे राहिले. जुना रंगाचा डबा, मुदत संपलेले औषध, फुटलेली ट्यूबलाइट, इंजिन ऑइल किंवा कूलंट आणून द्यायला मात्र साध्या माणसाला आपल्या गावातली जागा सांगता येत नाही.

याला मोठा प्रकल्प लागत नाही. कारखान्यांचा घातक कचरा घेणारे सामायिक केंद्र तळोज्याला आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालये तारापुरातच आहेत, घातक कचऱ्याच्या वाहतुकीची परवानगी असलेल्या गाड्या वसाहतीत ये-जा करतात. झाकणाचे तीन-चार पिंप, डोक्यावर छप्पर, खाली गळती अडवणारा कट्टा आणि महिन्यातून दोन रविवारी एक माणूस. नगरपरिषद, ग्रामपंचायत आणि एमआयडीसी यांनी वाटून घ्यायचे म्हटले तर हा खर्च कुणाच्याही अंदाजपत्रकात दिसणारसुद्धा नाही. छोट्या गॅरेजवाल्यांचीही त्यात सोय होईल. त्यांच्याकडचे जुने कूलंट आज कुठे जाते, हे विचारायचा अधिकार तोवर कोणालाही नाही.

हे होईपर्यंत घरी रेडिएटर बदलणाऱ्याने नव्या कूलंटचाच रिकामा कॅन जुन्यासाठी वापरावा. झाकण घट्ट लावावे, वर मार्करने ‘विषारी, जुने कूलंट’ आणि तारीख लिहावी, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावा. कंपन्यांच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये वापरलेले तेल आणि कूलंट साठवण्याची व्यवस्था असते. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडीबरोबर तो कॅनही डिकीतून न्यावा आणि काउंटरवर ‘हे घेता का?’ म्हणून विचारावे. घेत नसतील तर का घेत नाहीत, हे लेखी मागावे.